नाकेदारांची मुक्कामपट्टी

माझ्या आईकडून, तिच्या पोटच्या पोराच्या खोलीत एक रात्र झोपल्याबद्दल, पट्टी वसूल करणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि तो सांगलीत माझा घरमालक होता.

मी तेव्हा कुपवाडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो आणि विश्रामबागेकडच्या एका कॉलनीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. आई तासगावहून आली, पिशवीत बेदाणे, भाकऱ्या आणि माझ्या लग्नाची काळजी घेऊन. रात्री झोपली. सकाळी तोंड धुऊन जिन्यात ऊन खात बसली, तेवढ्यात खालून मालक वर आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, काखेत पावतीपुस्तक.

"नमस्कार. प्रौढ एक, रात्र एक. वीस रुपये."

आई म्हणाली, "कशाचं वो?"

"मुक्कामपट्टीचे."

"आवं, मी लेकाकडं आलीया. लॉजवर न्हाई."

"लेक भरतो ते खोलीचं भाडं. ही पट्टी आमच्या हद्दीत रात्र काढल्याची. दोन्ही वेगळं."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी आकाशाकडं बघितलं. शेवटी तिनं पिशवीत हात घालून ओंजळभर बेदाणे पुढं केले. "माल चालत नाही, रोख लागते," असं म्हणत मालकांनी ते बेदाणे घेतले, त्यातले चार तोंडात टाकले आणि शांतपणे पावती फाडली. आईनं कमरेची पिशवी सोडली, वीस रुपये मोजून दिले आणि विचारलं, "मग ह्या पैशाचं करता काय तुमी?"

इथं आई फसली. ह्या प्रश्नाची तर ते महिनाभर वाट बघत होते.

"चला दाखवतो," म्हणाले आणि आईला घेऊन खाली उतरले. पट्टीतून काय काय झालं ते त्यांनी तिला फिरवून दाखवलं. जिन्यातला नवा दिवा. फाटकाला तेल. नळाकडं जाण्याचा लाल रंगानं काढलेला बाण. आणि भिंतीवर एक पाटी, 'पाहण्यासारखी ठिकाणं': पहिलं तुळशीवृंदावन, दुसरं आंब्याचं झाड (फळ येत नाही), तिसरं गच्ची, जिथून स्वच्छ हवेत साखर कारखान्याची चिमणी दिसते. आईनं तिन्ही ठिकाणं बघितली. तुळशीला नमस्कार केला. वर आल्यावर म्हणाली, "माणूस येडा हाय, पर हिशेबाला पक्का हाय. खोली सोडू नगंस."

कॉलनीत सगळे त्यांना नाकेदार म्हणत. सगळी नोकरी त्यांची जकात नाक्यावर गेली. शहरात माल घेऊन येणारा प्रत्येक ट्रक त्यांच्यापुढं थांबायचा आणि त्यांनी मान हलवली की बांबू वर जायचा. आमदाराच्या मेव्हण्याचा ट्रकसुद्धा आपण सोडला नाही, हे ते ओळख झाल्यापासून दहा मिनिटांत सांगत. नंतर सरकारनं जकातच रद्द केली. बांबू वर गेला तो पुन्हा खाली आला नाही. नाकेदारांना उरलेल्या नोकरीसाठी जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या टेबलावर बसवलं. तिथं त्यांचं मन काही लागेना. "येणाऱ्याची नोंद हाय, जाणाऱ्याची नोंद हाय," ते म्हणायचे, "पर घ्यायचं कुणाकडनंच काय न्हाई. असलं कसलं काम?"

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसलेला. एकुलती लेक पुण्याला, जावई संगणकाच्या कंपनीत. लेक-जावयांनी ठरवलं की आई-बाबांना घेऊन युरोपात जायचं, इटली आणि आजूबाजूला. जावयानं काही हॉटेलं बघून त्यांचे दर सासऱ्यांना मोबाइलवर पाठवले. नाकेदारांनी चष्मा लावून सगळं वाचलं. ज्या गोष्टी कुणीच वाचत नाही त्या बारीक अक्षरांतल्या गोष्टी तर त्यांनी आधी वाचल्या, आणि तिथं एका ओळीत होतं, की शहराचा कर वरच्या दरात धरलेला नाही, तो माणशी, दर रात्रीला, हॉटेलात आल्यावर भरायचा.

मी वर दाढी करत होतो. खालून आरोळी आली. मला वाटलं कुणी गेलं. अर्ध्या दाढीनिशी धावत उतरलो तर नाकेदार अंगणात उभे, मोबाइल छातीशी धरलेला, डोळ्यांत पाणी.

"गड्या," म्हणाले, "तिकडं माणसांवर जकात हाय!"

त्या दिवसापासून त्यांना दुसरा विषय राहिला नाही. कुठल्या गावात माणशी ठरलेली रक्कम घेतात, कुठं खोलीच्या भाड्यावर टक्के, कुठं हॉटेलच्या चांदण्या, म्हणजे स्टार, मोजून दर वाढवतात, कुठं लहान मुलांना माफी, हे सगळं त्यांनी गोळा केलं. जपानात घेतात. भूतानात तर आपल्याकडूनही रोजची घेतात, हे कळल्यावर त्यांना भूतानबद्दल जो आदर वाटू लागला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. कॉलनीत कुणी नुसतं महाबळेश्वरला निघालं तरी ते फाटकात अडवून विचारायचे, "बजेट कसं धरलंय?" आणि समोरच्यानं काही सांगायच्या आत म्हणायचे, "माणसं गुणिले रात्री. दिवस मोजायचेच न्हाईत. जगात दिवस फुकट असतोय, पट्टी रात्रीला लागती."

हॉटेलच्या जाहिरातीतल्या दराबद्दलही त्यांचं मत ठरलेलं होतं. "त्यो आकडा म्हंजे बायोडाटातला फोटो. खरा माणूस मांडवात दिसतोय." म्हणून जो खर्च समोर येईल त्यावर दहावा हिस्सा ते आणखी धरायला सांगत. हा दहावा हिस्सा कशाचा, असं मी एकदा विचारलं. "आपल्या बावळटपणाचा," ते म्हणाले. "त्यो तर सगळीकडं संगट येतोच की."

एका दुपारी मी कामावरून आलो तर ते पायरीवर डोकं धरून बसलेले. "लय वाईट बातमी हाय," म्हणाले. मी घाबरून बाजूला बसलो. "व्हेनिसात काही दिवशी मुक्काम न करणाऱ्यालाबी पट्टी लावलीया. नुसतं सकाळी येऊन संध्याकाळी गेलं तरी!"

"मग तुम्हाला काय त्याचं?"

"अरं, मग दिवस फुकट कसा राहिला?"

मी त्यांची समजूत घालून वर गेलो. तासाभरानं दार वाजलं. नाकेदार, चेहऱ्यावर दिवाळी. "रात्री राहणाऱ्याला ती दिवसाची माफ हाय! म्हंजे रात्रीचा मान हायच!" आणि ह्या आनंदात त्यांनी मला अर्धा किलो जिलेबी खाऊ घातली. मी आयुष्यात इतक्या कमी कारणासाठी इतकी जिलेबी पुन्हा कधी खाल्ली नाही.

मग त्यांना वाटू लागलं की पट्टी आनंदानं भरायची तर आधी ती घेणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघायला पाहिजे. त्यांनी पावतीपुस्तक छापून घेतलं आणि घरात मुक्कामाला येणाऱ्या प्रत्येकाकडून वसुली सुरू केली. मिरजेचे मेव्हणे, जतकडचा जुना मित्र, माझे कारखान्यातले दोस्त, कुणी सुटलं नाही. माझ्या खोलीला त्यांनी एक चांदणी दिली होती. नळ गळायचा थांबला तर दीड देईन म्हणाले. नळ दुरुस्त करायचं काम मालकाचं असतं हे मी सांगितलं, तर म्हणाले, "त्यो वेगळा विभाग."

लोक हसत आणि देत. वीस रुपयांत अशी करमणूक सांगलीत दुसरीकडं कुठं होती? हसत नव्हत्या त्या फक्त काकू, म्हणजे नाकेदारांच्या बायको. त्या बोलायच्या कमी. पण प्रवासाचं ठरल्यापासून त्यांनी बाजारातून एक निळी बॅग आणली होती आणि ती पलंगावर उघडीच ठेवली होती. जाता-येता तिच्यात एखादी वस्तू टाकायच्या, एखादी काढायच्या. कधी सुईदोरा, कधी लोणच्याची बाटली. नाकेदार परदेशात पट्टीसाठी चालले होते. काकूंना परदेशात जायचं होतं. एवढं मला दिसत होतं. का जायचं होतं, ते त्या सांगत नव्हत्या.

जावयाच्या रजेपायी बेत पुढं पुढं जात दीड वर्ष उलटलं, आणि मग अधिक महिना आला.

अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं, तेहतीस अनारसे वाण म्हणून द्यायचे, त्याचे पाय धुवायचे, हे काही मी सांगायला नको. नाकेदारांनी ह्यात जराही कसूर केली नाही. जावई आले, लेक आली, त्यांचं तीन वर्षांचं पोर आलं. मलाही जेवायला बोलावलं होतं. नाकेदारांनी पाटाखाली रांगोळी घातली, तांब्याच्या ताटात अनारसे मांडले, स्वतः खाली बसून जावयाचे पाय धुतले आणि रेशमी काठाचं उपरणं त्यांच्या खांद्यावर घातलं. काकूंनी आग्रह करून करून जावयाला इतकं वाढलं की ते शेवटी ताटावर हात आडवा धरून बसले. जेवण झाल्यावर सगळे मोबाइलवर हॉटेलं बघत बसले. "पुढच्या आठवड्यात बुक करून टाकतो, मामा," जावई म्हणाले. काकूंनी ते ऐकलं आणि आत जाऊन निळ्या बॅगेत काहीतरी टाकलं.

सकाळी लेक-जावई निघाले. मी कामावर जायला जिना उतरत होतो. गाडीत पोर बसलं, अनारशांचा डबा बसला, आणि नाकेदार पुढं झाले.

"प्रौढ दोन, रात्र एक, पंख्याची खोली. मूल माफ. चाळीस रुपये."

जावई खदखदून हसले. लेकही हसली. मीही हसलो. नाकेदार हसले नाहीत. त्यांनी पावती पुढं धरली होती, आणि दुसरा हात पसरलेला होता.

लेक म्हणाली, "बाबा, चेष्टा पुरे हं."

"चेष्टा नाही. एकाला माफी दिली की सगळी पट्टी ढासळते. नाक्यावर मी आमदाराच्या मेव्हण्याचा..."

"मामा," जावई मधेच म्हणाले. त्यांचा चेहरा बदलला होता. त्यांनी खिशातून पाचशेची नोट काढली, पावतीच्या वर ठेवली आणि गाडीत बसले. "सुट्टे राहू द्या."

आमच्या भागात सुट्टे न घेता निघून जाणं म्हणजे शिवीच. हॉटेलवाल्याला चालते, सासऱ्याला नाही. नाकेदार गाडीमागं कॉलनीच्या वळणापर्यंत धावले, हातात चारशे साठ रुपये. गाडी थांबली नाही. परत आले तेव्हा धापा टाकत होते आणि त्यांना अजूनही कळलेलं नव्हतं. मला म्हणाले, "गडबडीत दिसत्यात. हिशेब अर्धाच टाकून गेले."

दोन दिवसांनी लेकीचा फोन आला. 'ह्यांना' रजा मिळेलसं दिसत नाही, युरोपचं सध्या नको, पुढं बघू. काकूंनी "बरं" म्हणून फोन ठेवला. मी भाडं द्यायला खाली गेलो होतो, म्हणून हे सगळं माझ्यासमोरच झालं. त्यांनी आत जाऊन निळी बॅग रिकामी केली, तिची चेन लावली आणि पलंगाखाली सरकवली. मग बाहेर आल्या.

"घर कुणाच्या नावावर हाय?" त्यांनी विचारलं.

नाकेदार चमकले. "तुझ्या."

घर बाईच्या नावावर घेतलं की सरकारी फीमध्ये सवलत मिळते, म्हणून नाकेदारांनी ते काकूंच्या नावावर केलं होतं. अशी सवलत ते सोडणं शक्यच नव्हतं.

"म्हंजे हद्द माझी. मग माझ्या हद्दीत पट्टी लावायचा ठराव मी कवा केला?"

कायद्यानं त्या बरोबर होत्या, आणि कायद्यापुढं हा माणूस नेहमीच हरायचा.

"आजपासनं मुक्कामपट्टी रद्द," काकू म्हणाल्या आणि पावतीपुस्तक उचलून त्यांनी कपाटावर टाकलं. "आणि शनिवारी आपण उंब्रजला चाललोय. जावईबापू यायचे हायत तिथं. समजूत काढायची." मग माझ्याकडं वळल्या. "तूबी चल. मला एकटीला हे आवरायचे न्हाईत."

मला हसू आवरत नव्हतं आणि नाकेदारांकडं बघवतही नव्हतं. एका माणसाच्या आयुष्यात जकात किती वेळा रद्द व्हावी?

उंब्रजला जावयाचं घर हायवेपासून थोडं आत, उसाच्या मधोमध. जावयाचे वडील फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. अंगानं दांडगे, मिशा पांढऱ्या, आवाज असा की उसातल्या कोल्ह्यांनी उठून चालू लागावं. त्यांनी आमचं स्वागत मात्र जोरात केलं. घरी आलेल्याला आधी पाणी, मग चहा, मग जेवण, आणि भांडण असलंच तर त्यानंतर, अशी तिकडची रीत. जावई पुढच्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, बसले होते, पण सासऱ्यांकडं न बघता पोराच्या खेळण्यातल्या ट्रॅक्टरचं चाक काढत होते. चाक चांगलं होतं.

जेवणं झाल्यावर नाकेदारांनी घसा साफ केला. मला वाटलं, माफी मागतात. ते म्हणाले, "ह्या पट्टीमागचं तत्त्व असं आहे, सुभेदार..."

"तत्त्व ऱ्हाऊ द्या," सुभेदार म्हणाले. "चाळीस रुपयाचं काय न्हाई वो. हजार मागायचं हुतं, पोरानं हसत दिलं असतं. पर पावती दिलीसा तुमी त्येला. पावती! जावयाला!"

"पावती नाही दिली तर कुणी परत मागेल ना त्यांच्याकडं."

"कोण मागंल? तुमच्या घरात तुमच्याबिगर दुसरा नाका हाय काय?"

जावयाच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण त्यांनी लगेच ट्रॅक्टरचं दुसरं चाक काढायला घेतलं. काकूंनी विषय बदलला. उसाचं, पावसाचं, पोराच्या दातांचं बोलणं झालं आणि मुक्काम पडला. काकू मला हळूच म्हणाल्या, "निम्मं झालं. सकाळी दुसरं निम्मं."

सकाळी मी जागा झालो तो विहीणबाईंच्या ओरडण्यानं. विहीणबाई म्हणजे जावयाच्या आई, ठेंगण्या, चपळ, शेतावर चार गड्यांना पुरून उरणाऱ्या. त्या सोप्यातली अंथरुणं काढत होत्या आणि नाकेदारांच्या उशीखाली त्यांना चाळीस रुपये सापडले होते. सोबत एक चिठ्ठी: 'प्रौढ दोन, रात्र एक. तिसऱ्याचे तो देईल.' तिसरा म्हणजे मी.

"आवो, हिकडं या!" विहीणबाई सुभेदारांना हाका मारत होत्या. "पाव्हण्यानं उशाखाली पैसं ठिवलं!"

सुभेदार अंगणातून धावत आले. पैसे बघून त्यांचा चेहरा मिशांना शोभेल असा लाल झाला. "आमी काय खानावळ काढलीया?"

"सुभेदार, ऐका," नाकेदार काकुळतीला आले. "मी तुमच्या मुलाकडून घेतली. म्हणून मीही भरली. आता फिट्टंफाट. ह्यात अपमान कुठं आला?"

"ह्यात दुसरं काय हाय?"

जावई ट्रॅक्टरचं चाक हातात घेऊनच बाहेर आले, लेक बाहेर आली, शेजारच्या वस्तीवरचे दोघं कुंपणाशी येऊन उभे राहिले. नाकेदार एकेकाकडं बघत तत्त्व सांगत होते आणि प्रत्येक वाक्यागणिक परिस्थिती आणखी बिघडत होती. मी ठरवलं की आता युरोप संपला. उंब्रजसुद्धा संपलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू आल्या. हातात चहाची गाळणी, पदर खोचलेला, कपाळावर घाम.

"मला बोलू द्या," म्हणाल्या. इतक्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "जावईबापू, यांचं सोडा. यांना नाका दिसतो, दुसरं काय दिसत न्हाई. माझं ऐका. लग्न झाल्यापासनं मी बाहेर जिथं जिथं मुक्काम केला, तिथं पाहुणी म्हणूनच केला. भावाकडं, नणंदेकडं, दिराकडं. देवाला गेलो तरी तिथल्या पाव्हण्याकडंच. आणि दरेक घरी सकाळी उठून चहा कुणी केला? मी. आज हितंबी मीच केलाय. विहीणबाई नको नको म्हणत होत्या, पर पाहुणी बाई अंथरुणात पडून राहिली तर बरं दिसतंय का? मला एकदा, एकच रात्र, अशा ठिकाणी निजायचंय जिथं सकाळी उठून कुणाच्या स्वयंपाकघरात जायचं न्हाई. आणि मोकळ्या मनानं पडून राहायची काय पट्टी असंल ती घ्या म्हणावं. दुप्पट घ्या म्हणावं. पर मला न्या."

गाळणीतून चहाचे थेंब अंगणात पडत होते. मी काकूंच्या हातचा सकाळचा चहा किती वेळा आयता प्यालो ते आठवू लागलो.

पहिल्यांदा विहीणबाई बोलल्या. हातातले चाळीस रुपये त्यांनी कमरेला खोचले. "मी बी येते," म्हणाल्या.

"तू?" सुभेदार दचकले.

"मला काय सकाळी झोप येत न्हाई व्हय? थोरलीच्या बाळंतपणाला दुबईला गेलेले तवाचा पासपोर्ट हाय माझा. तितं बी मीच चहा केला."

आधी लेक हसली. मग जावई. ट्रॅक्टरचं चाक हातातून सोडून ते तिथंच ओट्यावर बसले आणि पोट धरून हसले. मग सुभेदार हसले तेव्हा उसातले बगळे उडाले. नाकेदार तेवढे हसत नव्हते. ते बोटांवर काहीतरी मोजत होते.

"बजेट दोघांचं आहे," ते म्हणाले. "ही आणि विहीणबाई. बसतंय बरोबर. मी नाही."

"तिचं पैसं मी देतो की," सुभेदार म्हणाले. "तुमी बी जावा."

"मामा, असं काय करता," जावई म्हणाले. "तुमच्याशिवाय तिथं पट्टी कोण भरणार?"

'मामा' म्हणाले, तेव्हाच मिटलं होतं सगळं. पण नाकेदार हलले नाहीत. "पट्टी चुकवणाऱ्याला दंड असतो, जावईबापू. चुकीच्या माणसाकडून वसूल करणाऱ्यालाही पाहिजे. हा माझा दंड." हे सगळ्यांना सांगून झालं. मग चहाला सगळे आत वळले तेव्हा काकूंनी त्यांना दारातच अडवून विचारलं, "खरंच येणार न्हाई?" मी त्यांच्या मागंच होतो.

"मी आलो तर तू सकाळी उठून माझा चहा शोधत बसशील," नाकेदार म्हणाले. "मग जाऊन उपयोग काय?"

दोन वर्षं जो माणूस ज्या गोष्टीसाठी जगला, ती त्यानं अशी दारात सोडून दिली. मला त्यांचा त्या वेळी जितका अभिमान वाटला तितका मी त्यांना कधी बोलून दाखवला नाही.

नंतरचे महिने धमाल गेले. प्रत्येक गावाची पट्टी नाकेदारांनी युरोत वेगळी काढून पाकिटात भरली. घरात पाकिटं होती ती आहेराची. वर गणपती, सोनेरी वेल आणि कोपऱ्यात चिकटवलेला एक रुपया. त्या रुपयासकट, 'रोम, रात्री तीन, प्रौढ चार' असं लिहून त्यांनी गठ्ठा बांधला. विहीणबाई सरावासाठी सांगलीला आल्या. नाकेदार टेबलामागं हॉटेलच्या बाईसारखे बसले आणि म्हणाले, "गुड इव्हनिंग मॅडम. सिटी टॅक्स."

"किती?"

त्यांनी आकडा सांगितला.

"एवढं? काय तरी कमी करा की. चौघं हाय आमी."

"विहीणबाई, पट्टीत घासाघीस नसते."

"आवं, मी तुमच्याकडंच पुन्ना येणार हाय. नेहमीचं गिऱ्हाईक."

अर्ध्या तासानं नाकेदारांनी दर निम्मा केला होता आणि तो का केला ते त्यांचं त्यांनाच समजत नव्हतं. काकू दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत होत्या. निळी बॅग भरलेली होती.

चौघं पोराला घेऊन गेले. सुभेदार एकटे पडले म्हणून सांगलीला येऊन राहिले. दोन म्हातारे आळीपाळीनं चहा करायचे, आणि तो इतका वाईट व्हायचा की तिसऱ्या दिवसापासून मी कारखान्यातला थर्मासमधून आणू लागलो.

सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो, तेव्हा मोबाइल वाजला. पडद्यावर काकू. तिकडं सकाळ होती. गळ्यापर्यंत पांढरी रजई, केस मोकळे, शेजारी पालथी पडलेली विहीणबाईंची वेणी. वेणी घोरत होती.

"उठली न्हाईस अजून?" नाकेदारांनी विचारलं.

"न्हाई. खाली कुणीतरी चहा करतंय. वास येतोय. कोण करतंय ते मी विचारलेलं न्हाई."

"पट्टी?"

"काल आल्याआल्या भरली. पाकीट बघून बाई लय खूष झाली. गणपतीला हात लावून बघितला." काकूंनी रजई हनुवटीपर्यंत ओढली. "मी एका माणसाची जास्त देत होते. घेईना."

"जास्त कुणाची?"

"तुमची. म्हणाली, इथं राहत न्हाई त्याची घेता येत न्हाई. मी जावईबापूंना म्हटलं, तिला इंग्रजीत नीट सांगा. म्हणावं, त्यो माणूस निजतोय सांगलीत, पर दोन वर्षं मुक्कामाला तुझ्याकडंच हाय."

सुभेदारांनी घास तसाच धरून ठेवला. नाकेदारांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला. बोलायला लागले तेव्हा आवाज नाक्यावरचा काढायचा त्यांचा प्रयत्न होता, पण तो जमला नाही.

"बरोबर हाय तिचं," म्हणाले. "सलग राहणाऱ्याला ठराविक रात्रींनंतर माफी असती बऱ्याच ठिकाणी. तू झोप आता."